वीतभर की चार बोटं?

‘जळगावात?’

पॅडलबोर्ड हा शब्द काढला की समोरचा आधी हेच विचारतो. गोव्यात ठीक आहे. तारकर्लीला ठीक आहे. फार तर पवनेच्या काठी तंबू ठोकणाऱ्यांचंही समजू शकतो. पण जळगाव? आणि त्यातून धुळे? जिथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, जिथं स्थळ बघायला गेलं की मुलाच्या पगाराआधी नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते विचारतात (असं आमची मावशी म्हणते हं, मी नाही!), तिथं हवा भरलेल्या फळीवर उभं राहून वल्हं मारायचं? काहीतरीच काय!

तर बॉस, उत्तर ‘हो’ असं आहे. फक्त एक अट आहे. पाणी जेवढं आहे तेवढंच आहे, हे मान्य करायचं आणि बोर्डाखाली त्या हिशेबाची फिन लावायची. हा लेख त्या फिनबद्दल आहे. म्हणजे, निदान सुरुवातीला तरी तो फिनबद्दलच लिहायचा होता.

आधी पात्रपरिचय. मी जळगावात एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये. मावसभाऊ धुळ्याला बँकेत. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. आमच्या दोघांच्या मध्ये नव्वदेक किलोमीटरचा हायवे आणि एरंडोल-पारोळ्याचे चहाचे स्टॉप. आमच्या बॅचमधली निम्मी पोरं पुण्यात, उरलेली बंगलोर किंवा टोरांटोत. गणपतीला गावी येतात आणि शेवभाजी ओरपता ओरपता हमखास विचारतात, ‘तू अजून इथंच? इथं काय ठेवलंय यार?’ या प्रश्नाला मी कधी उत्तर देत नसे, कारण ते मलाही माहीत नव्हतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही दोघांनी भागीदारीत बोर्ड घेतला. साडेदहा फुटी, घडी करून बॅगेत मावणारा. कल्पना दादाची, ईएमआय माझ्या कार्डावर.

फिन बोले तो...

ज्यांनी हा प्रकार नुसता इन्स्टावर पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. हा बोर्ड म्हणजे रबरी गादी नाही. वरचं आणि खालचं कापड आत हजारो धाग्यांनी एकमेकांना बांधलेलं असतं. त्यामुळे बारा ते पंधरा पीएसआय हवा भरली, तरी तो फुग्यासारखा गोल होत नाही. फळीसारखा सपाट आणि कडक राहतो. पण हाच सपाटपणा पाण्यात नडतो. होडीला खाली कणा असतो, तो तिला सरळ ठेवतो. लाकडी किंवा फायबरच्या बोर्डाला निदान धारदार कडा तरी असतात. आपल्या हवेच्या बोर्डाचं पोट सपाट आणि कडा गोल. म्हणजे सरळ जाण्यासाठी त्याच्याकडे स्वतःचं असं काहीच नाही. उजवीकडे एक वल्हं मारलं की तोंड डावीकडे, डावीकडे मारलं की उजवीकडे. मागच्या बाजूला खाली लावलेलं ते माशाच्या कल्ल्यासारखं पातं, म्हणजेच फिन, बोर्डाची शेपूट पाण्यात धरून ठेवते. म्हणून तो सरळ जातो.

बाय द वे, ही आयडिया फार जुनी नाही. १९३५ मध्ये टॉम ब्लेक नावाच्या माणसानं हवाईत एका मोडीत निघालेल्या स्पीडबोटीच्या तळाची पट्टी काढून आपल्या लाटांवरच्या फळीखाली लावली. त्याआधी शेकडो वर्षं तिथले लोक फिनशिवायच लाटांवर स्वार होत होते.

बोर्डाबरोबर खोक्यात जी फिन येते ती साधारण नऊ इंची. नऊ इंच म्हणजे किती? तुमचा पंजा पसरा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. एक वीत! आपल्या आज्यांचं माप आणि अमेरिकेतल्या कंपनीचं माप इथं येऊन बरोब्बर जुळतं.

खोल पाण्यात ही वीतभर फिन एकदम बेस्ट. सरोवरात, खाडीत, धरणाच्या मधोमध तिच्यासारखी दुसरी नाही. प्रॉब्लेम एकच होता. आमच्याकडे ते पाणी नव्हतं.

पाणी फळ्यांचं

खान्देशातल्या नद्यांचं गणित बाहेरच्यांना चटकन कळत नाही. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगवते आणि ७२४ किलोमीटर धावून सुरतेजवळ समुद्राला मिळते. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या सगळ्या तिच्याकडे धावणाऱ्या. ‘धावणाऱ्या’ हे पावसाळ्यापुरतं हं. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. ते उघडल्याची बातमी आली की तापीच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही, मग तुम्ही किती का मोठे पोहणारे असा. पावसाळा संपला की गिरणा-पांझऱ्यात उरते ती वाळू, खडक आणि मधूनच पाण्याची एक रेघ.

मग आम्ही वल्हं मारतो कुठं? बंधाऱ्यांच्या मागे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा तुम्ही पुलावरून जाताना पाहिला असेल. ओळीनं दगडी खांब आणि त्यांच्यामध्ये खाचा. पावसाळ्यात या खाचा मोकळ्या असतात, पूर सरळ निघून जातो. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या सुमारास त्यात फळ्या टाकतात आणि मागे पाणी तुंबतं. पुढच्या पावसाळ्याआधी फळ्या परत काढून घेतात. म्हणजे आमचा सीझन कॅलेंडरवर नाही, फळ्यांवर चालतो. पांझऱ्याच्या काठी तर अडवलेलं पाणी वाटून घेण्याची कला काही शतकं जुनी आहे. तिथल्या फड पद्धतीत नदीवर ठेंगणे बंधारे घालून पाणी पाटानं नेत आणि अख्ख्या गावाचं शेत फडांमध्ये वाटून, एका फडात एकच पीक घेत. पाटकऱ्यानं दिलं तेवढंच पाणी घ्यायचं, जास्त मागायचं नाही. कमी पाण्यात शहाणपणानं वागण्याची ट्रेनिंग आमच्या रक्तातच म्हणा ना!

धुळ्याजवळच्या अशाच एका बंधाऱ्याच्या मागे, गावात आणि पाटबंधारेवाल्यांकडे रीतसर विचारून, आम्ही बोर्ड उतरवायला लागलो. मधोमध पुरुषभर पाणी, पण कडेला आणि वरच्या अंगाला गुडघाभर, कुठं पोटरीभर. खाली वाळू, काळा खडक आणि काळा गाळ. दिसायला एकसारखं, आत मात्र दर दहा पावलांवर वेगळं.

सात टाके

दिवाळीनंतरचा रविवार. दादा उभा राहून मस्त निघाला होता. काठावर मी, वहिनी आणि त्यांची नऊ वर्षांची लेक. ‘पप्पा, आता माझा नंबर!’ असं तिचं दर दोन मिनिटांनी चालू होतं. दादा वळला, कडेच्या उथळ पट्ट्यात आला, आणि खाली कुठंतरी ‘ठक्’ असा आवाज झाला. बोर्ड जागच्या जागी थांबला. दादा थांबला नाही. तो सरळ पुढं फेकला गेला आणि जेमतेम फूटभर पाण्यात हनुवटीवर आपटला.

सात टाके पडले. दात वाचले, मान वाचली. डॉक्टर टाके घालता घालता म्हणाले, ‘उथळ पाण्यात डोक्यावर पडलेले पेशंट मी पाहिलेत, तुम्ही नशीबवान.’ नंतर कोणी काही बोललं नाही. धुळ्यात घरी आल्यावर वहिनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढं ठेवत एवढंच म्हणाल्या, ‘भाऊजी, हिच्या जागी पोरगी असती तर?’

त्या रात्री जळगावला परत येताना माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य होतं. दादानं तर बोर्ड विकायला काढायचं ठरवलंही होतं.

पण झालं काय होतं नेमकं? हिशेब अगदी सोपा आहे. माणूस उभा राहिला की बोर्ड इंच-दोन इंच पाण्यात बसतो. त्याच्याखाली नऊ इंचांची फिन. म्हणजे फिनचं टोक पाण्याखाली अकरा इंचांवर. वल्हं मारताना बोर्ड मागे-पुढे थोडा झुलतो, म्हणजे बाराच धरा. एक फूट! आणि आमच्या बंधाऱ्यात निम्मं पाणी एक फुटाचं. फिन कडक होती, खडक तर त्याहून कडक. धक्का खायला मधे कोणीच नव्हतं, म्हणून तो दादानं खाल्ला. फिन ज्या खाचेत बसते ती खाच बोर्डाच्या पोटाला चिकटवलेली असते. असे चार-सहा धक्के बसले की तीही उखडते. नवीन फिन आणता येते, पण उखडलेली खाच बसवणारा कारागीर शोधायला निघालात तर बोर्डापेक्षा पेट्रोलचाच खर्च जास्त.

दात कसाले?

पुढच्या आठवड्यात मी एकटाच तिथं गेलो. बोर्ड न्यायला नाही, नुसता खडक बघायला. तिथं मासे धरणारे एक आबा रोज असतात. ट्रकची हवा भरलेली ट्यूब, तिच्यावर बसकण आणि हातात दोन छोट्या फळ्या. जाळं टाकत टाकत ते त्या खडकांमधून असे सरकतात की जणू घरातल्या घरात स्वयंपाकघरात चाललेत.

मी मोबाइलवर आमच्या बोर्डाचा उलटा फोटो दाखवला. आबांनी चष्मा वर-खाली करून पाहिला आणि विचारलं, ‘खाले एवढा मोठा दात कसाले रे भाऊ?’

सरळ जायला, मी म्हटलं. आबांनी आपल्या ट्यूबकडे बोट दाखवलं. तिला दात नाही, आणि त्यांना सरळ जायची घाईही नाही. मग त्यांनी हात पाण्यात बुडवून चार बोटं आडवी धरली. एवढंच ठेव, असं त्यांना म्हणायचं होतं.

आबांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती फिनपेक्षा महत्त्वाची. नदीतून वाळू उपसलेले खड्डे. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल एकदम डोक्यावर पाणी नेऊ शकतं. आपल्याकडे नदीत बुडालेल्यांच्या बातम्या वाचताना ‘उथळ तर होतं पाणी’ असं जे वाटतं ना, त्याचं उत्तर बऱ्याचदा या खड्ड्यांत असतं. म्हणून लाइफ जॅकेट हवंच. पाणी घोट्याएवढं असलं तरी, पोहता येत असलं तरी, फोटोत जाड दिसत असलात तरीही!

चार फिन्सची परीक्षा

मग मी ऑफिसात एक्सेल करतो तसंच केलं. वाचलं, विचारलं, मापं घेतली. उथळ पाण्याच्या फिनचा फंडा असा आहे.

उंची कमी केली की पकड कमी होते. ती भरून काढायला फिनचा पाया लांब करतात. म्हणजे उंच आणि अरुंद पात्याऐवजी बुटकं आणि लांबट पातं. उंची साडेचार इंच म्हणजे अर्धी वीत, किंवा त्याहून कमी, तीन इंच म्हणजे आबांची चार बोटं. दुसरी गोष्ट मटेरियलची. फायबरची फिन ताठ आणि वेगाला छान, पण खडकावर तिचा तुकडा उडतो नाहीतर खाच जाते. नायलॉनची मध्यम. रबरासारखी लवचिक फिन खडकाला लागली की वाकते, सरकते आणि पुन्हा सरळ होते. वेग थोडा कमी मिळतो, पण आपण काय ऑलिंपिकला निघालोय? तिसरी गोष्ट आकाराची. पाणगवत असेल तिथं उभी फिन म्हणजे कंगवाच, सगळं गवत तिच्यात अडकतं. मागे झुकलेली, तिरपी फिन असली की गवत घसरून निघून जातं. तरीही अडकलंच तर दोन-तीन वल्ही उलटी मारायची, बोर्ड मागे गेला की गवत सुटतं.

आणि ऑर्डर करण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं, खाच कोणती ते बघा. काही बोर्डांना लांब खाच असते. तिच्यात फिन स्क्रू आणि चौकोनी पट्टीनं बसते आणि पुढे-मागे सरकवता येते. मागे नेली की बोर्ड जास्त सरळ जातो, पुढे आणली की चटकन वळतो. काहींना सरकवून खिट्टी लावायची खाच असते. झटपट काम, पण एका कंपनीची फिन दुसऱ्याला बसेलच असं नाही. फोटो काढा, पट्टीनं लांबी-रुंदी मोजा, मगच पैसे भरा.

डिसेंबरच्या एका रविवारी मी चार प्रकार करून पाहिले. दादा काठावर खुर्ची टाकून बसला होता, हनुवटीवर पट्टी आणि चेहऱ्यावर ‘बघू काय दिवे लावतोस’ असे भाव. एका बाजूला सलग किती वल्ही मारता येतात, तोवर तोंड फिरतं का, एवढंच मोजायचं होतं. मी खोल भागातच, गुडघ्यांवर बसून केलं.

वीतभर फिन लावून आठ वल्ही. वादच नाही.

मग तिच्यासारखीच एक जादा नायलॉनची फिन जळगावच्या एमआयडीसीत ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून आरीनं अर्धी कापून, पॉलिश पेपरनं घासून आणली होती. तीन वल्ही. उंची गेली, पाया तेवढाच राहिला, मग पकड कुठून येणार? तरी फुकटात काम भागलं हे खरं.

मग विकत आणलेली साडेचार इंची, लांब पायाची आणि लवचिक. पाच वल्ही, कधी सहा.

शेवटी मधली फिन काढूनच टाकली. आमच्या बोर्डाला दोन बाजूंना दोन छोट्या, चिकटवलेल्या फिन्स आहेत, दोन-दोन इंचांच्या. नुसत्या त्यांच्यावर दोन वल्ही. पण पोटरीभर पाण्यातसुद्धा काही लागत नाही, आणि बोर्ड जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरतो. पोरांना याचीच मजा!

मधेच वारा सुटला आणि आणखी एक गोष्ट कळली. मोकळ्या पाण्यात वारा असेल तर बुटक्या फिनवर बोर्ड दरवाजासारखा फिरतो. म्हणून मोठ्या तलावावर पुन्हा वीतभरच बरी. बेस्ट फिन अशी कुठली नसतेच. आज कुठलं पाणी, एवढंच विचारायचं.

वल्ह्याचीही थोडी शिस्त लागते. वल्ह्याचं पातं दोन वीत लांब असतं. फूटभर पाण्यात ते पूर्ण बुडवलं की तळाला लागणार. मग छोटी वल्ही मारायची, पातं अर्धंच बुडवायचं, बोर्डाच्या कडेला चिकटून आणि दांडा शक्य तितका उभा धरून. पाऊल आलं की वल्हं बाहेर. बाजू पटपट बदलायची. खडकाळ पट्टा आला की आधी गुडघ्यांवर बसायचं. आणि उतरताना उडी नाही. आधी वल्ह्यानं तळ चाचपायचा, कारण आपल्या काळ्या मातीचा गाळ पाय धरला की सोडत नाही.

वहिनींची परीक्षा

जानेवारीत वहिनी स्वतः म्हणाल्या, ‘मला दाखवा.’ दाखवा म्हणजे व्हिडिओ नाही. त्यांनी दादाला जॅकेट-हेल्मेट घालून गुडघ्यांवर बसवलं (हेल्मेट चक्क लेकीच्या स्केटिंगचं होतं) आणि मऊ वाळूच्या उंचवट्यावर मुद्दाम बोर्ड न्यायला लावला. आधी वीतभर फिन लावून. खर्रकन बोर्ड अडकला, दादा पुढं कलंडला, हात टेकून सावरला. मग लवचिक अर्धी वीत लावून. फिन वाळूत लागली, वाकली, बोर्ड मंदावला आणि घसरत पुढं निघून गेला. दादा हललासुद्धा नाही.

वहिनींनी हे तीनदा करून घेतलं. बँकेत केवायसी करणाऱ्या माणसाची एवढी कडक तपासणी मी पहिल्यांदाच पाहिली. मग त्यांनी लेकीच्या जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले आणि म्हणाल्या, ‘जा. पण बसूनच. आणि काका शेजारून चालणार.’

मी शेजारून चाललो. मांडीभर पाण्यात, आदल्या दिवशी आबांबरोबर पायानं चाचपून ठेवलेल्या पट्ट्यातून, एक हात बोर्डावर. पोरीनं पहिली पाच मिनिटं तोंडातून शब्द काढला नाही. मग हळूच म्हणाली, ‘काका, सोड ना.’ मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी हात काढला, पावलं मात्र तिच्याबरोबर टाकत राहिलो. ती वेडीवाकडी, डावी-उजवी करत, वीसेक फूट एकटी गेली.

दादानं बोर्ड विकण्याचा विषय पुन्हा काढला नाही. मात्र गाडीत टाकायची यादी आता वहिनी करतात. उन्हाचं पानही त्यांनीच जोडलं. आमच्याकडच्या मार्चच्या दुपारी दादाच्या डिकीत राहिलेली नायलॉनची फिन केळीच्या पानासारखी वाकून निघाली होती. इलाज वहिनींच्या स्वयंपाकघरात सापडला. कडक गरम पाण्यात बुडवून मऊ केली, पोळपाटावर दाबून सरळ धरली आणि गार पाण्यात टाकली. जशीच्या तशी! बोर्डाचंही तसंच. उन्हात आतली हवा फुगते, दाब वाढतो. म्हणून पाण्याबाहेर काढला की सावलीत ठेवायचा आणि थोडी हवा सोडायची. खान्देशात ही सूचना मोठ्या अक्षरांत वाचा.

इथं काय ठेवलंय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये एचआरचा मेल आला. पुण्याच्या ऑफिसात जागा, पगार बराच जास्त, ३१ मार्चपर्यंत कळवा. ज्या मेलची पाच वर्षं वाट पाहिली तो आला, आणि मी तो तीन आठवडे स्टार लावून ठेवून दिला.

त्याच सुमारास बातमी वाचली की कर्नाटकात मंगळुरूजवळ, ससिहित्लूच्या किनाऱ्यावर पॅडलबोर्डची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतेय. मी आणि दादानं मोबाइलवर क्लिप्स पाहिल्या. निळंशार खोल पाणी, उंच फिन्स, वाऱ्यासारखे जाणारे बोर्ड. दादा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘तू जा रे पुण्याला. तुझं पाणी मोठं आहे.’

‘आणि इथलं?’ मी विचारलं.

‘इथलं आम्ही बघू. आमच्याकडे अर्धी वीत आहे की.’

मला तेव्हा लक्षात आलं की ‘इथं काय ठेवलंय’ या प्रश्नाचा मला एवढा राग का येतो. तो विचारणारे सगळे वीतभर फिन लावून आलेले असतात. दोन दिवसांत तीन ठिकाणी अडकतात आणि पाण्याला नावं ठेवत परत जातात. इथं कमी आहे हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पगार कमी, ऑप्शन कमी, रविवारी संध्याकाळी जायला जागा कमी. पण त्या कमी पाण्यात एक पोर वीस फूट एकटी गेली, तेव्हा मी तिच्या शेजारून चालत होतो. हे कुठल्या सीटीसीत बसवायचं?

मी गेलो. खोटं कशाला बोलू? घरी गरज होती आणि मलाही खोल पाणी बघायचं होतं. तीस मार्चला मेल पाठवला, मे महिन्यात पुण्याला आलो. बोर्ड, वल्हं, लवचिक फिन आणि कापलेली फिन, सगळं धुळ्यात. वीतभर फिन तेवढी दादानं माझ्या बॅगेत टाकली. ‘तिकडे कोणाचा तरी बोर्ड मिळेलच, खाच मात्र मोजून घे’ अशी सूचनेसकट.

आता मित्रांनी ‘अजून इथंच?’ असं विचारायचा प्रश्नच उरला नाही. उलट इथले कलीग विचारतात, ‘दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सनं जळगाव-धुळ्याला काय करायला जातोस?’ मी म्हणतो, वल्हं मारायला. ते हसतात. त्यांना तो जोक वाटतो.

वहिनी गेल्या वर्षी स्वतः बोर्डावर उभ्या राहिल्या, हे मी त्यांच्या परवानगीनं लिहितोय. पोर आता गुडघ्यांवर बसून बंधाऱ्याच्या मधल्या पट्ट्यात फेरी मारते, बाप शेजारी ट्यूबवर. पाण्यात शिरायच्या आधी ती हात बुडवून मोजते. वीत बुडाली तर ठीक, नाहीतर बोर्ड हातात उचलून आणखी चार पावलं पुढं. हे तिला कोणी शिकवलं नाही, आबांचं बघून उचललं.

आणि दर ऑक्टोबरात, ऐन मीटिंगमध्ये, माझा फोन वाजतो. कोणाचा ते मला स्क्रीन न बघताच कळतं. उचलला की ‘हॅलो’सुद्धा नाही, सरळ मुद्द्यावर.

‘काका, फळ्या टाकल्या! कधी येतोस?’